मास्तरांनी आणलेलं कवाड

आमच्या ड्रॉइंग मास्तरांना दार वाजवायची सवय नव्हती. कुणाचंही घर असो, हा माणूस सरळ आत. उंबऱ्यावर थांबणं, खाकरणं, "आहे का कोणी?" विचारणं, असलं काही नाही. थेट स्वयंपाकघरात. मी पिठलं ढवळत असले की मागून हात यायचा, झाकण उचललं जायचं आणि आवाज यायचा, "बाई, लसूण कमी पडलाय." पहिल्यांदा तर मी पळी उगारूनच वळले होते. आमच्या ह्यांची एकदा मोरीत आंघोळ चाललेली, नुसत्या पंचावर, आणि मास्तर शेजारी उभे राहून विचारतायत, "पाणी चांगलं कढत आहे ना?" त्या दिवशी ह्यांनी मला बजावलं, "तुझ्या त्या मास्तरांना एक तर दार वाजवायला शिकव, नाही तर आपण बिऱ्हाड हलवू."

मी शिकवायला गेले. मास्तर म्हणाले, "दार वाजवायचं म्हणजे आपण परके आहोत हे आधीच कबूल करायचं. मी कशाला करू?"

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, बिऱ्हाड बघायला लागा.

कराडच्या त्या शाळेत मी गणित-शास्त्र शिकवायला लागले तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मास्तर माझ्याआधी तिथे चार-पाच वर्षं होते. मूळचे सांगलीचे. उंच, किडकिडीत, पुढे थोडे वाकलेले, आणि कायम अनवाणी. चपला असायच्या, पण हातात. देवळात सगळेच चपला काढतात. मास्तर पोस्टात काढायचे, बँकेत काढायचे, एस.टी.त चढताना काढायचे. कंडक्टर म्हणायचा, "मास्तर, हितं काय देव बसलाय व्हय?" मास्तर म्हणायचे, "पायांनापण जरा बघू दे की रे गाडी." पायांनी बघायचं, हातांनी बघायचं, नाकानं बघायचं. डोळ्यांनी बघणं म्हणजे लांबून रामराम, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणेन.

ह्या वेडाचं मूळ सांगलीत होतं. तरुणपणी ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सरस, खळ, रंगाच्या पुड्या, आणि जमिनीवर पसरलेलं भलंमोठं कापड. राजवाडा, जंगल, देऊळ, रस्ता. त्यांचा रस्त्याचा पडदा म्हणे इतका हुबेहूब होता की पडदा वर गेला की लोक नटांच्या आधी पडद्यालाच टाळ्या द्यायचे. दुसरा कुणी असता तर जन्मभर त्या टाळ्यांवर जगला असता. ह्यांना उलट वाईट वाटायचं. मला म्हणाले होते, "बाई, मी शेकड्यानं दारं रंगवली. राजवाड्याची, झोपडीची, देवळाची. एकातूनही कुणी आत गेलं नाही. सगळे समोर बसून बघत राहिले." हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता. मी हसणार होते, पण नाही हसले.

लग्न का नाही केलं, हे विचारायची माझी हिंमत झाली ती खूप उशिरा. तर म्हणाले, "बघण्याचा कार्यक्रम मला पटेना." तासगावकडे एक मुलगी बघायला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, मान खाली घालून पाटावर बसली, आणि दोन्हीकडची मंडळी तिच्याकडे बघत बसली. मास्तर पाच मिनिटं बसले आणि उठून सरळ आत स्वयंपाकघरात गेले. मुलीच्या आईला म्हणाले, "मी भाकरी थापतो, तिला आत बोलवा, मग बोलू." मुलीच्या बापानं त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत पोचवलं. पोचवलं म्हणजे कसं, ते मास्तरांनी सांगितलं नाही, पण कान चोळला.

शाळेत त्यांचा वर्ग म्हणजे हेडमास्तरांच्या डोक्याला ताप. पोरांनी बाकावर बसून फुलदाणी काढायची, हा रिवाज मास्तरांनी मोडला. पोरं डोळे मिटून एकमेकांची तोंडं चाचपायची आणि मग चित्र काढायची. माझा शेजारचा वर्ग. मी फळ्यावर समीकरण मांडलेलं आणि भिंतीपलीकडून, "सर, ह्याच्या नाकात बोट गेलं!"

पण ह्या माणसाची कुणी दखलच घेतली नाही असं नको म्हणायला. एका वर्षी स्नेहसंमेलनात त्यांनी गुऱ्हाळ केलं. चित्रकलेचं प्रदर्शन म्हटलं की भिंतीवर चित्रं, समोर दोरी आणि 'हात लावू नये' अशी पाटी. मास्तरांनी पाटी लावली, 'हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये'. वर्गाच्या खिडक्या पोत्यांनी बंद केल्या, जमिनीवर उसाची चिपाडं अंथरली, कोपऱ्यात शेगडीवर काकवी तापत ठेवली. आत शिरलं की पायाखाली करकर, डोळ्यांत अंधार, आणि वास असा की तोंडाला पाणी सुटावं. भिंतीवर एकही चित्र नाही.

नेमके त्याच दिवशी शिक्षणखात्याचे एक साहेब आले. हेडमास्तर पुढे, साहेब मागे. मास्तर दारात आडवे. "साहेब, बूट काढा. पायांनी बघायचंय." हेडमास्तर पांढरेफटक पडले. साहेबांनी बूट काढले, तर मोज्यातून अंगठा बाहेर. आम्ही सगळ्या शिक्षिकांनी तत्काळ छताकडे बघायला सुरुवात केली. साहेब आत गेले ते बाहेरच येईनात. शेवटी आले ते मिशीला काकवी लावून. "आमच्या आजोळी होतं गुऱ्हाळ," एवढंच बोलले आणि चहा न घेता जीपमध्ये बसले. पंधरवड्यानं त्यांच्याच कचेरीतून शाळेला ताकीद आली, की प्रदर्शनात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. मास्तर मनापासून खूश झाले. "म्हणजे चव लक्षात राहिली की!"

हे सगळं सांगितलं ते अशासाठी, की पेठेतल्या गणपती मंडळानं ह्याच माणसाला देखावा करायला सांगितलं, हे किती मोठं धाडस होतं ते कळावं.

मंडळाचे अध्यक्ष तात्या. पिठाची गिरणी चालवायचे, तरुणपणी कुस्त्या केलेल्या, मान म्हणजे नुसता खांब. आदल्या वर्षी देखाव्याची ढाल वरच्या आळीनं नेली होती, ती मान हलवणाऱ्या राक्षसाच्या जोरावर. तात्यांना ते फार लागलं होतं. ते मास्तरांना म्हणाले, "मास्तर, औंदा ढाल आपल्याला पायजे. लय जोरात कायतरी करा. राक्षस करा, न्हाईतर नाग करा, पन हलला पायजे."

मास्तर म्हणाले, "तात्या, आधी ती पुढची दोरी काढा."

"दोरी काढली तर मानसं आत घुसतील की!"

"तेच तर!"

मास्तरांनी केलं गाव. पाटणच्या वरच्या अंगाला धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसारखं एक गाव. तेव्हा धरण होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. घराघरात वीज आली होती, आम्ही तिच्या उजेडात पेपर तपासत होतो, आणि ज्यांची गावं गेली ती माणसं कुठे कुठे माळावर पांगली होती. मांडवात मास्तरांनी एक बोळ उभा केला. दोन्हीकडे घरं. गोणपाटावर शेणमातीचा लेप देऊन भिंती, उंबरे, ओसऱ्या, चुली, उखळं, पार, आणि सगळ्यात शेवटी गणपती. लोकांनी आत यायचं, घराघरात शिरायचं, बसायचं, उखळात मुसळ घालून बघायचं. आणि मग पाणी यायचं. पाणी म्हणजे मांजरपाटाचे तागेच्या तागे नीळ घालून रंगवलेले. दोऱ्या आणि कप्प्यांवरून ते बोळाच्या एका टोकानं सरकत सरकत लोकांच्या डोक्यावरून पुढे यायचं, वरून निळे दिवे, आणि सगळ्यांनी त्या पाण्याखालून वाकून बाहेर पडायचं. ते पाणी म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. आठवडाभर त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते. त्याच हातांनी फळ्यावर कुत्रं काढलं तर पोरं म्हणाली, "सर, कुत्रं बुडालं."

घरांना चौकटी होत्या, पण दारं नव्हती. मुद्दाम नव्हती. "एकाही घराला कवाड नको," मास्तर म्हणाले. "आता तरी कुणी बाहेर उभं राहायला नको."

पाचव्या दिवशी देखावा खुला झाला. आणि काय सांगू, फजिती झाली नुसती. लोकांना काय करायचं तेच कळेना. आत यायचे, बोळात मधोमध उभे राहायचे, हात जोडायचे. एकीनं पाट्यावरवंट्याला हळदकुंकू वाहिलं. एक पागोटंवाले आजोबा बराच वेळ थांबून म्हणाले, "देखावा कवा चालू हुनार?"

"चालू हाय की, आजोबा," मास्तर त्यांच्याशी त्यांच्यासारखं बोलायचे. "तुमी त्यातच हायसा."

"मी कुटला? मी बघाय आलोय."

मागून कार्यकर्ते ओरडतायत, "पुढं चला, पुढं चला!" कुणी उंबरा ओलांडला नाही, कुणी मुसळ उचललं नाही. पाणी आलं तेव्हा बाया "अगं बाई!" म्हणून किंचाळल्या, पोरं हसली, झालं. तात्या कपाळाला हात लावून बसले. मास्तर पाराला टेकून उभे होते. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला म्हणाले, "बाई, ह्यांना आत येता येत नाही हो. इतकी वर्षं लांब बसवलंय ह्यांना."

आमच्या आळीत हौसामावशी राहायच्या. मुलगा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, त्याची एक खोली, त्यात त्या, मुलगा, सून. माझ्याकडे धान्य निवडायला यायच्या. कमी बोलायच्या. गाव विचारलं तर "पाटनकडची" म्हणायच्या आणि सूप पाखडायला घ्यायच्या. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती: त्या मुलाच्या जागेला कधी घर म्हणायच्या नाहीत. "खोलीवर जाते", "खोलीवर सून हाय". घर हा शब्द त्यांच्या तोंडून यायचाच नाही.

देखाव्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "चला मावशी, गणपती बघून येऊ." आल्या.

बोळात शिरल्या आणि त्यांची चाल बदलली. माझ्यापुढे गेल्या. शेवटून दुसऱ्या घरापाशी थांबल्या, पायातल्या वहाणा काढल्या, आणि पदर खोचून सरळ आत. मी बघतेय तर बाईनं चुलीचे दगड उचलून दुसऱ्या भिंतीला लावले. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि ओसरी झाडायला लागल्या. कार्यकर्ता ओरडला, "ओ मावशी, हात लावू नका!" मास्तर धावत आले ते त्या पोराच्या अंगावर. "गप्प बस! लावू दे!"

तेवढ्यात पाण्याची वेळ झाली. कप्प्या कुरकुरल्या, निळं कापड सरकायला लागलं. मावशींनी मान वर करून बघितलं आणि झाडू तसाच हातात धरून बोळात आल्या.

"ए पोरांनू, थांबा! पानी सोडू नका. अजून आवरायचं हाय आमचं."

आवाज मोठा नव्हता. पण पोरांचे हात दोरीवर जागच्या जागी थांबले. मावशी चौकटीला हात लावून मास्तरांना म्हणाल्या, "कवाड कुटं हाय?"

मास्तर अगदी उत्साहानं, "कवाड ठेवलंच नाही, मावशी! सगळ्यांना आत येता यावं म्हणून."

मावशी उंबऱ्यावर बसल्या. मी शेजारी टेकले, तेव्हा त्यांनी सांगितलं. धरणाचं पाणी शेताला लागलं तेव्हा गडीमाणसांनी घरं उचकटली. वासे, तुळया, कवाडं, सगळं ट्रकात घातलं, नव्या जागी लागेल म्हणून. लाकडाला कोण सोडतो? "समदं नेलं. मी मागं वळून बघितलं तर घर आ वासून उभं. बाई, गावाला जाताना सुदीक आपन कवाड वढून घेतो का न्हाई? कडी लावतो का न्हाई? कायमचं निघालो आनि वढून घ्यायला कवाड न्हाई. उघडं घर टाकून आले मी." मग म्हणाल्या, "अजून सपनात कोनकोन शिरतंय त्यात."

आणि ती नेलेली कवाडं? माळावरच्या पत्र्याच्या शेडबाहेर दोन पावसाळे भिजली आणि कुजली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गेले तर मावशी आधीच हजर. स्वतःची कळशी, पेला आणि गुळाची वाटी घेऊन. उंबऱ्यावर बसलेल्या. पहिली माणसं बोळात शिरली तशी म्हणाल्या, "या. लांबनं आलासा? बसा. पानी घ्या."

आता बघा गंमत. देखाव्यात काय करायचं ते लोकांना ठाऊक नव्हतं, पण कुणी "या, बसा" म्हटल्यावर काय करायचं ते कुणाला शिकवायला लागतंय? चपला निघाल्या. ओसरीवर मांड्या घातल्या गेल्या. गूळपाणी झालं. "तुमचं गाव कंचं?" झालं. कोरेगावकडचा एक पेन्शनर फौजी ताठ बसून आपल्या घराबद्दल बोलत राहिला. बाया दुसऱ्या घरांत शिरल्या, उखळात मुसळाचे ठोके पडायला लागले. ते परवाचे पागोटंवाले आजोबासुद्धा परत आले आणि पारावर बसून तंबाखू मळायला लागले. कुणी विचारलं, "आजोबा, देखावा कुटं हाय?" तर म्हणतात, "हितं कसला देखावा? बस की गड्या."

रांग चौकाबाहेर गेली. मास्तर वेड लागल्यासारखे ह्या घरातून त्या घरात हिंडत होते. एका कोपऱ्यात मला गाठून म्हणाले, "बाई, बघितलंत? बघितलंत? कुणी बघत नाहीये!"

फक्त पाणी येत नव्हतं. पोरांनी दोरीला हात घातला की मावशी म्हणायच्या, "थांबा," आणि पोरं थांबायची. पाणी अडलेलं.

मग दोन दिवसांनी आले परीक्षक. ढाल देणारे. तात्या हात चोळत, मास्तर निळे हात मागे लपवत उभे. परीक्षकांना कुणीतरी निळ्या पाण्याबद्दल सांगितलेलं होतं. ते उभे राहिले, वाट बघत. तात्या मावशींपाशी वाकले. "मावशे, पाच मिन्टं उठ की. पानी तेवडं जाऊ दे, मग परत बस."

"घर उघडं हाय," मावशी म्हणाल्या.

"अगं कापडाचं पानी हाय ते!"

"व्हय. पन घर उघडं हाय."

परीक्षकांना गूळपाणी मिळालं, पाणी काही मिळालं नाही. ढाल परत वरच्या आळीला, त्याच राक्षसाला, फक्त ह्या खेपेस त्याचे डोळेपण हलत होते. तात्या मास्तरांना जे काही बोलले ते मी इथे लिहू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आमच्या स्वयंपाकघरात. नेहमीसारखे न विचारता. पण झाकण उचललं नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"बाई, तुमचं ऐकतात त्या. समजावा त्यांना. ढाल गेली तर जाऊ दे. पण उद्या चतुर्दशी. उद्या सगळं उतरणार. माझं पाणी लोकांना नीट दिसलंसुद्धा नाही."

"दिसलं नाही?" मी म्हटलं. "मास्तर, तुम्ही बोलताय हे? दिसायला हवंय तुम्हाला?"

ते चमकले. मग म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं. ते पाणी हाच तर सगळ्याचा अर्थ होता."

मग मात्र मी भडकले. "जन्मभर माझं डोकं खाल्लंत, हात लावा, आत या. एक बाई खरोखरची आत आली. तिनं चूल हलवली, तुम्ही नाचलात. तिनं तुमचं पाणी थांबवलं तर लगेच ते तुमचं झालं? ज्याचं जळतं त्याला कळतं, मास्तर. तिला कवाड पाहिजे. द्या करून."

"कवाड?" त्यांचा आवाज एकदम चिरका झाला. "बाई, बंद दारासमोर उभा राहून मी म्हातारा झालो. आणि आता मीच दार लावू? माझ्या हातानं?"

"तुम्हाला कोण म्हणतंय लावा? ती लावेल."

मास्तर माझ्या चुलीकडे बघत बसले. मग उठले आणि गेले. मला वाटलं, जास्त बोलले मी. पण खरं सांगते, आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही.

चतुर्दशीच्या दिवशी दुपारी मिरवणुकीची तयारी चाललेली. ताशावाले ताशे शेकत बसलेले, तात्या ट्रॉलीला केळीचे खांब बांधतायत. आणि समोरून हातगाडी आली. हातगाडीवर एक हिरव्या तेलरंगाचं दार, चौकटीसकट. हातगाडी ओढतायत मास्तर, अनवाणी, आणि मागून त्यांचे घरमालक धोतराचा सोगा धरून ओरडत, "अहो मास्तर! दार कुठं नेताय माझं? अहो चोर शिरतील!"

"शिरू द्या की," मास्तर मागे न बघता म्हणाले. "आहे काय तिथं?"

स्वतःच्या भाड्याच्या खोलीचं दार उचकटून आणलं होतं त्या माणसानं. रंगवून आणता आलं असतं. सांगलीत टाळ्या घेतलेला हात तो, तासाभरात असं दार रंगवलं असतं की मुंगीसुद्धा फसली असती. पण नाही.

मावशींच्या चौकटीच्या जागी ती चौकट उभी केली. तात्यांनी शिव्या देत देत का होईना, खांदा दिला. मावशींनी दारावरून हात फिरवला.

"आमचं सागाचं व्हतं. काळं."

"हे आंब्याचं आहे, मावशी," मास्तर अपराध्यासारखे म्हणाले.

"असूं दे. लागतंय का बघू."

मावशी आत गेल्या. मांडव गर्दीनं भरला होता, मिरवणुकीसाठी अख्खी पेठ जमलेली, पण कुणी "पुढं चला" म्हणालं नाही. आत त्यांनी ओसरी झाडली. चुलीवर पाण्याचा हात फिरवला. कळशी पालथी केली. वाटीतला उरलेला गूळ शेजारच्या पोराच्या हातावर ठेवला. उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, आणि बाहेर आल्या. दार ओढलं. ते कुरकुरलं, जरा अडलं, मग बसलं. मावशींनी कडी लावली. एकदा हलवून बघितली, आपण गावाला निघताना बघतो तशी. तळहात दारावर टेकून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

मग वळून पोरांना म्हणाल्या, "सोडा आता पानी."

दोरीवरची पोरं रडत होती, त्यांना ओढताच येईना. कापड अर्ध्यावर लोंबत राहिलं. तेव्हा गर्दीतल्या कुणीतरी हात वर करून त्याची कड धरली. मग शेजारच्यानं. मग बायांनी. हातांवरून हातांवर ते निळं पाणी पुढे गेलं, घरांवरून, पारावरून, त्या हिरव्या दारावरून. कुणी सांगितलं नव्हतं. तात्या रडत होते, ते मोठ्यांदा, कुस्तीगिराला शोभणार नाही असे. मीही रडले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

मास्तर कुठे आहेत म्हणून मी शोधलं. ते मांडवाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे होते. हात जोडून, लांबून बघत.

गणपती संगमावर गेला. गर्दी पांगताना मावशी मास्तरांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "उंद्या च्याला या."

मांडव उतरवताना मास्तरांनी त्या दाराची कडी कुणाला काढू दिली नाही. पोरांनी आजूबाजूच्या भिंती काढल्या आणि दार तसंच, कडी लावलेलं, चौकटीसकट मंडळाच्या खोलीत नेऊन ठेवलं. घरमालकांनी वर्षभर भांडण केलं. पुढे बदली होऊन सांगलीला जाईपर्यंत मास्तरांच्या खोलीला गोणपाट होता. वाऱ्यानं तो उडायचा आणि आत बसलेले मास्तर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसायचे, कधी पोरांच्या वह्या बघताना, कधी भाकरी थापताना.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीही मास्तरांबरोबर मावशींकडे चहाला गेले होते. डेपोवाल्या मुलाची ती खोली, दार सताड उघडं. आत स्टोव्हचा आवाज, मावशींची पाठ दिसतेय. मी सवयीनं बाजूला सरले, म्हटलं, आता हा माणूस सरळ स्टोव्हपर्यंत जाणार आणि म्हणणार, आलं घातलं का?

मास्तर उंबऱ्याबाहेर थांबले. चपला खाली ठेवल्या. आणि उघड्या दाराच्या फळीवर त्यांनी बोटांनी टकटक केली. हळूच. जमत नव्हतं त्यांना, सवयच नव्हती ना.

"कोन हाय?"

"मी. मास्तर. आत येऊ का?"

मावशींनी वळून बघितलं. पदरानं हात पुसले.

"या की, मास्तर. घर आपलंच हाय."